डांबर, पांढरा रुमाल आणि मालकांची उंची

कोळशाच्या मोटारीवर ज्यानं कंडक्टरकी केली, त्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते डांबरासारखे अंगाला चिकटतात, घासूनही निघत नाहीत.

लढाईचे दिवस. पेट्रोल रेशनवर. आमच्या मालकांनी वाशीम–मंगरूळपीर–मानोरा गाडीच्या मागे लोखंडी भट्टी बसवली. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. पण गॅसबरोबर डांबर येई. ते वाटेतल्या फिल्टरच्या डब्यात अडलं नाही, तर थेट इंजिनात! म्हणून डब्यात खाली काथ्या, वर कापूस.

ड्रायव्हर गफ्फारचाचा निघण्याआधी गॅसच्या नळीपुढे पांढरा रुमाल धरत. तो पांढराच राहिला तर गाडी सुटे. ठिपका दिसला की सगळे खाली उतरा, मग तहसीलदार असो की नवरदेव!

* * *

एकदा इंजिन जाम झालंच. मालक कडाडले, "गफ्फार, अजून एकदा डांबर इंजिनात गेलं, तर भट्टीबी काढीन अन् तुलेबी!"

चाचा पन्नाशीचे. दुसरं काम येत नव्हतं. ते कसेबसे म्हणाले, "मालक, कापूस तरी द्या."

"कापूस इकाले असते, काळा कराले नाई!"

हे कोण म्हणतंय? ज्यांच्या दोन खोल्या कापसानं भरलेल्या, ते! मी थक्क.

* * *

मानोऱ्याच्या चढावर गाडी दमली. एका भल्या शेतकऱ्यानं खाली उतरून बाभळीचं ओलं लाकूड भट्टीत टाकलं. धुराचा लोटच उठला! चाचांनी धावत जाऊन नळी बंद केली. डब्यातला कापूस काकवीसारखा गळत होता.

"काहून टाकलं रे बाप्पा?"

"बैल दमला का आपून चारा टाकतोच ना!"

* * *

एकदा मी भट्टीचं झाकण उघडून आत वाकलो. भक्क! निळा जाळ तोंडावर. भुवया गेल्या, मिशी गेली. घरी पोचलो तर माझ्याच आईनं दारात विचारलं, "कोन पायजे?"

* * *

एका वऱ्हाडाच्या दिवशी चाचा रुमाल घरी विसरले. नवरदेवाला घाई. त्यानं आपलं नवंकोरं उपरणं नळीपुढे धरलं. उपरण्यावर हे मोठाले काळे ठिपके! मांडवात नवरीच्या आईनं डोळे विस्फारले, "जावईबापू कोळशे पाडते का?"

* * *

त्यानंतर मात्र चमत्कार झाला. रुमाल रोज दुधासारखा! मालकांनी विचारलं, "कापूस कुठून आनतो?"

चाचा खाली बघून म्हणाले, "सब आपकी मेहरबानी, मालक."

* * *

त्याच सुमारास मालकांना वेगळीच धास्ती बसली. ड्रायव्हरशेजारची गादीची सीट त्यांची. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. एक दिवस ते मला हळूच म्हणाले, "पयले इथून मैलाचे दगड दिसत. आता नुसतं आभाय दिसते. मी घटून राह्यलो बे!"

मंगरूळपीरच्या हकिमाचा कडू काढा सुरू झाला. बाटली कायम खिशात. माणूस असा घटतो? मी घाबरून स्वतःचीही उंची मोजली!

* * *

मग तो दिवस. मालक मुलीच्या सोयरिकीला मानोऱ्याला निघाले. नवा फेटा, अत्तर. चाचांनी रुमाल धरला. ठिपका!

"डब्यात कापूस पायजे, मालक."

"मंग टाक ना! तुह्याजवळ असतेच."

चाचांनी हात जोडले. "मालक... जरा उठता का?"

मालकांना कुणी उठवतं? पण मालक उठले. चाचांनी सीटची खोळ उचलली. आत फळी होती, आणि मूठभर कापूस.

"इतके दिवस हाच भरत होतो. उद्यापासून येत नाई मी."

मालकांनी फळी दाबून पाहिली. तिच्यावर बसले. समोर आभाळ. उभे राहिले. समोर रस्ता.

"गफ्फार, म्हंजे मी घटलो नाई?"

"नाई, मालक."

मालकांनी खिशातली काढ्याची बाटली काढून रस्त्यावर ओतली. मग डोक्यावरचा नवा फेटा सोडला आणि चाचांच्या हातात दिला.

"हा भर डब्यात," ते म्हणाले. "अन् उद्या टायमावर ये."