बंद घराच्या दारातली रांगोळी

ही गेली तेव्हा आम्ही ॲरिझोनात मुलाकडे राहत होतो. साल शहाऐंशी असेल. तिला जाऊन चार महिने झाले, आणि एका सकाळी दार उघडलं तर पायरीपुढे रांगोळी. चार रेघा, मध्ये ठिपके, कडेला एक वेडावाकडा निवडुंग.

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर दारात रांगोळी नसते. आधी घातली तर घर तिला विसरलं असं होतं. त्या मुलखात तिच्यासाठी मी एवढंच पाळत होतो. बाकी दहावं-तेरावंसुद्धा मुलाची सुट्टी बघून उरकलेलं.

संशय सुनेवर गेला. दुसऱ्या कुणाला तिथं रांगोळी ठाऊक? शिवाय आठ दिवसांपूर्वीच ती म्हणाली होती की घर फार उदास वाटतं, दिवाळीला चार माणसं बोलवू. मी पायानं रांगोळी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच.

मग मी पाळत ठेवली. हिचा रांगोळीचा डबा कपाटातून काढून बघितला, झाकणावरची धूळ जशीच्या तशी. जेवायला वाढताना सुनेची बोटं बघितली. ती म्हणाली, काय बघताय बाबा? म्हटलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी मुंग्या ती रांगोळी ओढून नेत होत्या. चिमूटभर जिभेवर ठेवली. मैदा! आणि मैद्याचा डबा सुनेच्या ओट्यावर. झालं, चोर सापडला.

"दारात मैदा तू घालतेस?" मी सरळ विचारलं.

"बाबा, मी चहा उभ्यानं पिऊन ऑफिसला पळते. आणि रांगोळी मला येते कुठं? आई शिकवते म्हणायच्या तेव्हा मी टीव्ही लावून बसायचे."

पटलं, पण चोर तरी आणखी काय सांगणार.

शनिवारी उजाडता उजाडता पडद्याआड बसलो. शेजारची गोरी म्हातारी हॅट घालून आली. हातात मैद्याची पिशवी. गुडघ्याला हात लावत, कण्हत खाली बसली. मी दार उघडलं आणि सुनेला हाक मारली.

म्हातारी बोलली, सून मला सांगत गेली. ही आणि म्हातारी, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी आम्ही झोपलेले असताना या पायरीवर रोज बसायच्या. हिनं खुणांनी सांगितलं होतं, रांगोळी नसली की घर बंद दिसतं. म्हातारीला घर बंद दिसू द्यायचं नव्हतं. निवडुंग तिच्या अंगणातला, हिला आवडायचा तो.

"तिला सांग, वर्षभर घालत नाहीत."

"राहू द्या ना, बाबा."

"सांग."

सुनेनं सांगितलं. म्हातारी लगेच तळव्यानं पुसायला लागली. मी म्हटलं, पुसू नको म्हणावं, इथं वाऱ्याला दुसरं काम काय आहे. तिनं विचारलं, मग कधी चालेल? सून म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात.

त्यानंतर ती रोज सकाळी कुंपणाशी यायची.

"टुडे?"

"नॉट टुडे."

एवढं इंग्रजी मला जमायचं. एखाद्या दिवशी तिला उशीर झाला, तर मी दारातून हलत नसे.