पानाची डावी बाजू

आमच्या घरी मीठ, लिंबू, चटणी पानात डावीकडे वाढतात. ती आल्याशिवाय मी घासाला हात लावत नाही. हट्टी म्हणा, हरकत नाही.

त्या दुपारी नात अकरावीचे विषय ठरवत होती. गणित, भौतिक, रसायनाच्या जोडीला तिला चित्रकला हवी होती. मला वाढता वाढता मुलगा तिला म्हणाला, "चित्रं काढून पोट भरतं का गं? त्यापेक्षा जीवशास्त्र घे."

तिनं मान खाली घातली.

पानात भाजी, पोळी, वरणभात आला. मी नुसता बघत राहिलो. चौथी शिकलेला माणूस मी, त्या विषयांतलं मला काय कळणार? पण पोट भरायला उजवी बाजू पुरते, एवढं कळतं. चटणीनं कुणाचं पोट भरलंय? तरी पान तिच्यावाचून उघडंच दिसतं.

"अण्णा, जेवा ना."

"डावी बाजू राहिली."

"चटणीवाचून अडलंय का?"

"अडलंय."

नात फिसकन हसली. मुलानं तिच्याकडे बघितलं, मग आतून चटणी घेऊन आला. माझ्या पानात वाढली, तिच्याही वाढली.

"घे चित्रकला," तो पुटपुटला. "पण गणित सोडायचं नाही."

चटणीत मीठ कमी होतं. त्या दिवशी मी बोललो नाही.