पान्यातलं घ्या, पान्यातलं!

म्हसू भोयाची सून हरणाबाई मासे धरायची, मासे विकायची. पण मासा हा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता.

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे घरोघरचंच. पण सासू बयाबाईचे कान भलते तिखट. लग्नाच्या आठव्या दिवशी हरणा म्हणाली, "म्हस पान्यात बसलीया," तर बयाबाईनं तिच्या गालात बोट रोवलं. "त्येंच्या नावाची हाय ती. काळं जनावर म्हन." म्हशीमागोमाग मासंही गेलं. म्हसू, म्हस, मासं, बयाबाईच्या कानाला सगळं एकच. "त्यो शबूद पुन्यांदा काढलास तर घर माजं हाय, काहील माजी हाय. वडूजची वाट धर."

वडूजला, माहेरी, हरणाचं कुणी उरलं नव्हतं. शिवाय तिकडं मासा धरायचा म्हटलं तर आधी पाणी शोधायला लागतं.

पुढं म्हसू वारला. अर्जुना, तिचा नवरा, लढाईवर गेला. मग काहील हरणाच्या हाती आली. गुऱ्हाळातून निघालेली, तीन ठिकाणी डागलेली ती कढई. कृष्णेवर तीच भोयांची नाव. सकाळी डोहात जाळं टाकायचं, ऊन चढायच्या आत पाटी डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं. पण ओरडायचं काय?

"पान्यातलं घ्याऽऽ, पान्यातलं!"

'घ्या' लांब, नाकातून. शेवटचा 'लं' गिळलेला. एका एकादशीला मास्तरांची बायको ताट घेऊन दारात आली.

"शिंगाडे का गं? घाल अर्धा शेर."

हरणानं पाटीवरचं फडकं उचललं. मरळीनं शेपूट हाणलं. मास्तरीणबाई ताट टाकून, सोवळ्यासकट आत.

गाव पोट धरून हसलं. हरणा हसली नाही. कधी काहिलीत एकटी असली की ती तोंड उघडायची. निदान पाण्याला तरी तो शब्द सांगावा म्हणून. मग काठाकडं नजर जायची. काठावर बयाबाई धुणं घेऊन बसलेली असायचीच.

चव्वेचाळीस साली सूत कंट्रोलात गेलं. हरणाचं जाळं तर इतकं फाटलेलं, की मासा आत यायचा, बघायचा आणि जायचा. अशात चावडीत कारकून आला. जो मासे धरतो त्यालाच सुताचा परवाना. आज नाव लागलं नाही तर पुन्हा दिवाळीनंतर. हरणा रांगेत उभी राहिली. कोपराला खेटून बयाबाई.

"धंदा?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"पान्यातलं इकते."

"म्हणजे? वाळू?"

"न्हाई जी. जित्तं असतंय."

"बेडूक?"

चावडी फिस्सकन हसली. रांगेत पलीकडच्या डोहाचा तात्याबा भोई होता. हरणानं त्याच्याकडं वळून पाहिलं.

"भावजी, तुमी तरी सांगा की!"

"मी काय सांगू वैनी? तुमालाबी तोंड हाय की." तात्याबा मिशीत हसला. हरणाचं जाळं बंद पडलं की तिचा डोह त्याला मोकळा. "आन् बायकांचा कसला आलाय धंदा, रावसाहेब? घरीच असत्यात."

कारकून बयाबाईकडं वळला. "मावशी, सून करते तरी काय तुमची?"

"मी कशी सांगू? माज्या मालकाचं नाव हाय त्यात."

"मालकाचं नाव? पाण्यात?" कारकुनानं कपाळाचा घाम पुसला. "धुणं लिहितो. पुढचा कोण?"

त्यानं टाक दौतीत बुडवला. धुणं धुणाऱ्याला सूत नाही. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता आणि हरणाला मागं सरायला जागा नव्हती. मागं बयाबाई होती.

"मासं!" हरणा ओरडली. गल्लीतल्या सवयीनं, नाकातून. "मासं धरते मी. मासं इकते. चार वरसं झाली. मासं, मासं, मासं!"

चावडीवरची कबुतरं उडाली. बयाबाईनं दोन्ही कान झाकून घेतले.

"मग हे आधी सांगायचं की बाई," कारकून म्हणाला. "घरचा पुरुष कोण?"

कान झाकलेले असूनही बयाबाईला एवढं नेमकं ऐकू आलं. तिनं लेकाचं नाव सांगितलं. कागदावर आलं: अर्जुना भोई, मासेमार.

"त्ये लढाईवर मिसरात हायती जी," हरणा म्हणाली. "धरते मी."

"घराला एकच परवाना असतो. पुढचा?"

परवान्यावर मिळालेली सुताची लडी बयाबाईनं आपल्या ओच्यात घेतली. ती पुढं होऊन घाटाच्या वाटेला लागली. हरणाची मनातल्या मनात लुगडी बांधून झाली होती. घाटावर सासू थांबली.

"वडूजला न्हाई धाडत तुला. जाळं कोन इनंल?" मग तोंड फिरवून म्हणाली, "तोंड तर बाटलंच हाय. आता वरड काय वरडायचं त्ये."

जाळं विणून झालं. पाटी भरली. गल्लीच्या तोंडाशी हरणानं श्वास घेतला. पहिल्या अक्षराला ओठ मिटले, ते उघडेचनात. दोनदा झालं. तिसऱ्यांदा आवाज आपसूक नाकात चढला.

"पान्यातलं घ्याऽऽ, पान्यातलं!"

कोपऱ्यावरच्या घरातून रंगुबाई वाडगं घेऊन आली. "काय गं, परवा चावडीत लय वरडलीस म्हनं. आज मासं न्हाईत व्हय?"

"हायती की." हरणानं मागं वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती. तिनं फडकं उचललं. "पान्यातलंच हाय. घ्या."