भाऊंच्या गालावरचे ओरखडे

कडा गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात बॅनर करणारा तो माणूस पूर्वी भिंती रंगवायचा. मी पाटी करून घ्यायला गेलो, तेव्हा तो कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम उघडून एकच गाल दोनदा रंगवत होता.

"ह्याच्यात ब्रशचे केस उमटतेत, पण रंग वला वाटत न्हाई. त्याच्यात रंग लई भारी पसरतोय, पण केस गायब!"

गाल एका पुढाऱ्याचा होता, वाढदिवसाच्या बॅनरवरचा. तेवढ्यात कार्यकर्ता आला आणि भडकला. "भाऊंच्या तोंडावर ओरखडे कावून? गुळगुळीत करा!"

त्यानं मुकाट्यानं भाऊ गुळगुळीत केले. खालच्या शुभेच्छुकांची तोंडंही ब्रशनंच रंगवलेली होती. ती तशीच खरखरीत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पाटी न्यायला गेलो, तर कार्यकर्त्याला घेऊन स्वतः भाऊच दुकानात आलेले. "खालची पोरं हातानं काढल्यावानी दिसतेत, अन् मीच कावून प्लास्टिकचा?"

"पुसलेलं परत येत न्हाई भाऊ. समोर बसा, नव्यानं काढतो."

फाईल कालपासून उघडीच होती; एक बटण दाबलं असतं तर सगळं परत आलं असतं, हे मलाही माहीत होतं. मी स्टूल पुढं सरकवलं.

अख्खा तालुका हलवणारे भाऊ स्टुलावर बसले. जरा वेळानं फोन वाजला, त्यांचा हात खिशाकडे गेला.

"हलू नका," तो म्हणाला.

भाऊंनी हात मागं घेतला. दारातला कार्यकर्ताही ताठ उभा राहिला.