अण्णांनी एकही नाव सांगितलं नाही

अण्णा गेल्याचं दवाखान्याचा शिपाई सांगत आला, तेव्हा मी मांडवावर बोंबील वाळत घालत होते. "बाई, अण्णा गेले. पहाटे छातीत कळ आली न् आटोपलं." मला रडू नाही आलं, राग आला. आणि खरं सांगते, आधी त्यांचाच आला. आठवडाभर छातीत दुखत होतं म्हणे. रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होते, पण एका शब्दानं बोलले नाहीत. लोकांची दुखणी पोटात ठेवायची इतकी सवय झालेली, की स्वतःचंही तिथंच ठेवलं... याला आता काय म्हणावं!

अण्णा आमच्या सरकारी दवाखान्यात कारकून, मी तिथंच मलमपट्टी करणारी. स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर महारोगाची पाहणी सुरू झाली. मुंबईहून रेवसच्या लाँचनं एक मोठे डॉक्टर यायचे, माणसांना ओळीनं उभं करून पाठीवरच्या चट्ट्यांवर कोंबडीचं पीस फिरवायचे. स्पर्श कळला तर ठीक, न कळला तर गोळ्या सुरू. कोणाला किती गोळ्या, चट्टा वाढला की मिटला, याची यादी महिन्याला मुंबईला जायची आणि त्यावर त्यांचं संशोधन चालायचं. ती यादी अण्णांची. कोणी सांगितलं नसताना त्यांनी दोन वह्या केल्या होत्या. एकीत नावं, ती कुलपात. दुसरीत नुसता नंबर, वय, चट्टे, गोळ्या, आणि मुंबईला जायची ती हीच. मी एकदा म्हटलं, कशाला हा दुप्पट उपद्व्याप? तर म्हणाले, "अगं, या रोगात नाव फुटलं की माणूस उघडा पडतो. आपण कोण त्याचं नेसूचं फेडणारे?"

आणि तरी घात झाला. जवळ राहणाऱ्यांना रोग लागतो, म्हणून कोण कोणाबरोबर दर्यावर जातो ते डॉक्टरांना हवं होतं. अण्णांनी यादीत एक रकाना वाढवला, होडीचा. नंबर, वय आणि पुढे होडीचं नाव. अण्णा आतल्या भातशेतीच्या गावचे, डॉक्टर मुंबईचे, दोघांच्याही डोक्यात आलं नाही की आम्हा कोळ्यांत माणूस आडनावानं नाही, होडीनं ओळखला जातो. शेंबडं पोरही सांगेल, अमक्या होडीवरचा चाळिशीचा कोण ते! यादीची एक प्रत गावकारभाऱ्यांच्या बैठकीत गेली आणि तिथला एक सभासद मासळीचा व्यापारी. दुसऱ्या दिवशी बंदरावर त्या होडीच्या पाटीला कोणी हात लावेना. त्या होडीवरच्या रोग्याची घरवाली भर उन्हात दुपारपर्यंत सुरमई घेऊन बसली आणि शेवटी सगळी पाटी खाडीत ओतून घरी गेली. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर अण्णा वरून कान उपटतील.

अण्णा तिच्या दारात गेले, मी बरोबर होते. ती बाहेर आली ती कडाडतच. "नाव न्हाय लिवला म्हनता? मंग होडी काय तुमच्या बापाची हाय?" अण्णा मान खाली घालून उभे. म्हणाले, "चूक माझी आहे, बाई." आत तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं गोळ्या सोडल्या त्या सोडल्याच, पुढे त्याची बोटं वाकली. वाडीतल्या इतरांनीही आम्हाला दारं लावून घेतली. परतताना अण्णा मला म्हणाले, "तू कोळ्याची मुलगी, तू तरी सांगायचंस." मी ताडकन बोलले, "दाखवलीत कधी मला यादी?" पुढच्या महिन्यापासून प्रत्येक यादी टपालात पडण्याआधी माझ्या पुढ्यात यायची. "बघ गं, यातून कोण ओळखू येतो?" मी बोट ठेवीन ते खोडायचं. होड्यांना खुणेची अक्षरं आली, वयं मोघम झाली, चार घरांच्या वाड्या शेजारच्या गावात मिसळल्या. एखादा माणूस थळला किंवा काशीदला राहायला गेला आणि तिथल्या दवाखान्याला त्याचा कागद हवा असला, तर अण्णा आधी त्याला बसवून तो वाचून दाखवायचे, तो हो म्हणाला तर अंगठा घ्यायचे, पाकीट लाखेनं बंद करायचे आणि एस.टी.नं स्वतः नेऊन द्यायचे. त्या दारं लावलेल्या वाडीत वर्षभर खेपा घातल्या, तेव्हा कुठे एकेक जण परत आला.

डॉक्टर मात्र भडकले. "माझ्या संशोधनाचा सत्यानाश करताय तुम्ही! नावांची वही द्या." अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, कोण कोणाबरोबर होता ते खुणेनं कळतंय. नाव कळून गोळी जास्त लागू पडते का?" वरून हुकूम आला, तरी वही दिली नाही. मग त्यांच्या नोकरीच्या कागदांवर शेरा बसला, 'सहकार्य करीत नाही'. हाताखालची पोरं हेडक्लार्क झाली, अण्णा कारकून ते कारकूनच. आणि डॉक्टरांचा मुंबईत हार घालून सत्कार! कशाच्या जोरावर? अण्णांच्या याद्यांच्या. त्यांचं नाव कुठे एका ओळीत तरी? छे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अण्णा हसून म्हणाले, "बरं झालं, माझंही नाव फुटलं नाही."

परवा दवाखान्यात शोकसभा झाली. दवाखान्याचे साहेब उठून म्हणाले, कामाला चोख, पण माणसांत मिसळत नसत, म्हणूनच अंत्ययात्रेला पाचसहाच जण होते... अरे, येणार कशी माणसं? किनाऱ्यावरच्या किती घरांत त्या माणसानं भाकरी शाबूत ठेवली! पण जो तिरडीला खांदा द्यायला पुढे येईल, त्याला गाव विचारणारच, तुझा न् अण्णांचा संबंध काय? मला उभं राहून ओरडायचं होतं. ओरडले असते तर नावं द्यावी लागली असती. साहेबांना नंतर एवढंच सांगितलं की वही योग्य हातात आहे आणि तुमच्या हातात ती येणार नाही. लिहा माझ्यावरही शेरा.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मलमपट्टीच्या खोलीत आली. कोण, ते विचारू नका. एक बोट पुढे केलं. बोट धडधाकट, ओरखडासुद्धा नाही. मी म्हटलं, "आजी, काय झालंय?" तिनं दार लोटून घेतलं, बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बांद गो बाय पट्टी. घरी कोनी इचारला का रडली, तर बोट दुखतं म्हनून सांगीन."

मी त्या चांगल्या बोटाला पट्टी बांधली. घट्ट बांधली.