सखूच्या वाटणीची शाळा

मुंबईच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या वाडीच्या पोरांनो, आज तुमच्या आजीने काय केलं ते ऐका.

देवळातल्या शाळेत चार वाड्यांची पोरं नि गुरुजी एकच. माझी नात चंद्री मागे बसते, तिच्यापर्यंत गुरुजी पोचतच नाय. आज वाडीची गुरं राखायची पाळी माझी होती. शेजारच्या घरची सखू, चंद्रीसंगं मागेच बसणारी, ती नि तिच्या संगतीची सगळी पोरं मी गूळ देऊन गुरांमागे धाडली. म्हटलं, “जा गो, माझे गुडघे धरलेत.” गुडघे बरे होते. शाळेतली गर्दी कमी करायची होती.

मग देवळाच्या खांबाआड उभी राहिले. गोंगाट नाय, छडी खुंटीलाच. चंद्रीने अख्खा धडा घडाघडा वाचला! मी खांबालाच मिठी मारली.

घरी येऊन चंद्री म्हणते, “आजी, सखू आज का नाय आली गो? आज तिलापण वाचायला मिळालं असतं.”

मी चूल फुंकत बसले.

उद्या पाळी सखूच्या घरची हाय, तीही मीच घेणार, म्हणजे सखू शाळेत जाईल. पण सगळी पोरं आली की दोघी परत मागेच बसणार. तुमच्यातलं कोण गावी येऊन त्यांचं वाचन ऐकणार, सांगा बरं?