दुधाच्या राखणीला रेडिओ

मंडळी, आज सकाळी घडलं ते सांगतो. डोकं अजून तापलेलंच हाय.

निजामाच्या या मुलखात आमच्या पिंपळगावात रेडिओ एकच, माझा. बॅटरीवर चालतो. बटण जास्त पिळलं की त्यातनं शिट्टी निघती; ते त्या शिट्टीच्या जरा अलीकडं ठेवलं अन् एरियलची तार एखाद्या पत्र्याला जोडली, की पत्र्याजवळ कुणी आलं रे आलं, रेडिओ किंचाळतो. शिवायचीबी गरज न्हाई. मांजर दुधावर टपून बसायची, म्हणून पातेल्याखाली पत्रा ठेवला. मांजर पळाली, घर हसलं.

तेवढ्यात पाटील आले. "मास्तर, हे जल्दी आडावर लावा. वस्तीतलं कुणी पाण्याजवळ आलं, तर शिवाशिव व्हायच्या आधीच कळंल."

मी म्हणलं, "बराबर. आधी तुम्ही पत्र्याजवळ या."

पाटील पुढं झाले. रेडिओ किंचाळला.

गावाबाहेरच्या वस्तीतले सखारामभाऊ सरपण घेऊन आल्ते. रोजच्यासारखे दाराबाहेरच थांबले होते. मी त्यांना आत बोलावलं. "मी कशाला, मास्तर?" म्हणत ते कचरत पुढं आले.

तोच आवाज. बिलकुल तोच.

पाटलांनी रेडिओ मागून-पुढून न्याहाळला. "मंग आवाज येगळा निघायला काय जोडावं लागंल?"

मी तार गुंडाळून खिशात घातली. माझी मास्तरकी गेली तरी ही तार आडाला लागणार न्हाई.

पाटलांचा सवाल तेवढा तुमच्यापुढं ठेवतो. सांगा, काय जोडायचं?